न बांधलेल्या पोस्टावरून डावीकडे

"पोस्टावरून डावीकडे वळायचं, बागेला वळसा घालायचा, नाट्यगृहाच्या पायऱ्या उजव्या हाताला ठेवायच्या, की समोर आमची इमारत," असं गमरेकाका कोणालाही सांगत. पत्ता अचूक होता. फक्त पोस्ट अजून बांधलेलं नव्हतं, बाग लावलेली नव्हती आणि नाट्यगृहाच्या जागी गुडघाभर गवत होतं.

ऐकणारा बिचारा मान डोलावून निघायचा आणि तासाभराने खाडीच्या कडेला, चिखलात सापडायचा. त्याला परत आणून सोडलं की गमरेकाका त्याच्याकडे दयेने बघत म्हणायचे, "घाई केलीत. दोन-चार वर्षांनी आला असतात तर बरोब्बर पोचला असतात."

आम्ही ऐंशीच्या सुमारास दादर सोडून वाशीला राहायला आलो. तिथे दोन खोल्या होत्या आणि इथे तीन मिळत होत्या, एवढं कारण बाबांना पुरलं. सेक्टरमधल्या सगळ्या इमारती तीन मजली, पिवळ्या, एकाच साच्यातून काढलेल्या. पहिल्या आठवड्यात बाबा दोनदा दुसऱ्यांच्या घराची बेल वाजवून आले. एकदा तर तिथे चहा पिऊन आले आणि अर्धा कप संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कप आपला नाही. अशा गावात खरं म्हणजे धड पत्ता सांगणारा एक तरी माणूस असायला हवा. आमच्या वाट्याला गमरेकाका आले.

ते आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे, एकटे. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घरात एक खाट, एक स्टोव्ह, फळीवर बुद्धाची पितळी मूर्ती आणि बाकी सगळीकडे नकाशांच्या गुंडाळ्या. ते फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि काळ्या शाईने तो जशाचा तसा गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. "बावीस वर्षांत स्वतःची एक रेघ मारली नाही मी," ते अभिमानाने सांगत. "खाली जे असेल तेच वर."

या नव्या शहराचे नकाशे त्यांच्या हातून गेले होते, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला होता. त्यांनी गिरवलं त्या दिवशीच त्यांच्या लेखी शहर बांधून झालं होतं. आता विटा-सिमेंटवाले मागून रेंगाळत येत होते, तो त्यांचा आळस.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती एका मोकळ्या प्लॉटमुळे. बसस्टॉप आणि आमची इमारत यांच्या मधोमध तो प्लॉट होता. सगळं जग त्यातून आडवं चालत यायचं, त्यामुळे गवतात एक पायवाटही पडली होती. गमरेकाका मात्र छत्री काखेत मारून प्लॉटच्या कडेने जायचे, मग काटकोनात वळायचे, मग पुन्हा काटकोनात. एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यापाशी अडवलं.

"थांब. आत्ता तू कुठून आलीस?"

"बसस्टॉपवरून."

"ते दिसलं मला. कशातून आलीस?"

मी मागे वळून पाहिलं. गवत होतं.

"तिथे चार मजली इमारत येणार आहे. तू तळमजल्यावरच्या डावीकडच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरातून आलीस." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "चप्पल घालून."

मी "सॉरी" म्हटलं. आमच्या कॉन्व्हेंटात आधी सॉरी म्हणायचं आणि आपलं काय चुकलं ते नंतर शोधायचं, असं शिकवलेलं होतं. अस्तित्वात नसलेल्या स्वयंपाकघराची आपण माफी मागितली, याचा राग मला रात्रभर येत राहिला.

गमरेकाका एवढ्यावर थांबते तर बरं. त्यांना असंही खात्रीने वाटायचं, की सरकार आज ना उद्या खाडी ओलांडून बेलापूरला येणार आणि मग हे नवं शहर राज्याची राजधानी होणार. "लहान, पण राजधानी," ते म्हणायचे. कोणाकडे पाहुणा आला की तो नको नको म्हणत असताना त्याला राजधानी दाखवायला घेऊन जायचे. माझ्या मामाला त्यांनी भर दुपारी दीड तास फिरवला. "हे वाचनालय. आत शांतता पाळायची असते," असं म्हणून एका उकिरड्यापाशी ते खरोखरच आवाज खाली आणत. मामा परत आला तेव्हा पँट पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली होती. त्याने आईला एवढंच विचारलं, "ताई, हे गृहस्थ तुमच्याच जिन्यात राहतात?"

करावे गावची एक कोळीण टोपली घेऊन आमच्याकडे यायची. तिलाही त्यांनी एकदा सांगितलं, की मासळीबाजार बांधून झाला की तिला तिसरा ओटा मिळेल, खिडकीजवळचा. ती म्हणाली, "काका, राजधानी येल तवा येल. आज बोंबील हायेत, घ्या."

त्यांचा दुसरा मंत्र होता, "विचारायचं नाही." वाशीत कोणी नवखा माणूस दुसऱ्याला पत्ता विचारताना दिसला की ते मध्ये पडत. "विचारायचं नाही! चार माणसांना विचारलं की पाच रस्ते निघतात." मग पिशवीतून कचेरीतल्या छपाईच्या अमोनियाचा वास मारणारा एक घडीचा नकाशा काढून त्याच्या हातात ठेवत. असे नकाशे ते नेहमीच जवळ बाळगत. खालच्या कोपऱ्यात मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं असे: कोणासही विचारू नये.

याच नकाशाने माझा घात केला.

वाशीला आल्यापासून माझ्याकडे कोणी आलं नव्हतं. माझं कॉलेज माटुंग्याला होतं आणि मैत्रिणींना खाडीचा पूल म्हणजे जगाचा शेवट वाटायचा. मी मुळात कमी बोलणारी. त्यात माझं मराठी परीक्षेपुरतं. शेजारच्या मुलींशी बोलायला तोंड उघडलं की त्या माझ्याकडे बातम्या ऐकल्यासारखं बघायच्या. म्हणून मी रोज खिडकीत पुस्तक घेऊन बसायची. पहिला मजला, त्यामुळे सगळं दिसायचं आणि कोणाशी बोलावं लागायचं नाही.

दोन वर्षांनी तीन मैत्रिणी एका रविवारी यायला तयार झाल्या. आईने सकाळपासून साबुदाणेवडे करायला घेतले. मी रस्ता चिठ्ठीवर लिहून दिला होता: स्टॉपवर उतरा, गवतातून सरळ या, चष्मेवाली मी खिडकीत दिसेन. बारा वाजले, एक वाजला. दोन वाजता आईने वडे झाकून ठेवले.

सोमवारी कॉलेजात कळलं. स्टॉपवर त्या माझी चिठ्ठी वाचत उभ्या असताना छत्रीवाल्या एका गृहस्थांनी ती वाचून, "गवतातून सरळ? छे छे!" म्हणून त्यांच्या हातात नकाशा दिला होता. पोरी कॉन्व्हेंटच्या. कोणासही विचारू नये असं लिहिलं होतं, म्हणून कोणालाही विचारलं नाही. पोस्ट शोधत शोधत खाडीपर्यंत गेल्या, एकीची चप्पल चिखलात राहिली, आणि त्या पहिल्या बसने पुलापार परतल्या. "तुझं घर नकाशात आहे," एक म्हणाली, "वाशीत नाही."

मी गमरेकाकांशी अबोला धरला. मी आधीही बोलत नव्हते, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. पंधरा दिवस मी मनापासून अबोला पाळला आणि ते रोज जिन्यात, "काय, कॉलेज का?" म्हणून उत्तराची वाट न बघता पुढे जात राहिले. इतका वाया गेलेला राग मी दुसरा पाहिला नाही.

मग एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. छत्री नव्हती, हातात एक पोस्टकार्ड होतं. मी आतल्या खोलीत होते, पण तीन खोल्यांच्या घरात आत असणं म्हणजे काय असणार!

"वहिनी, येत्या रविवारी आक्का येतेय, माझी थोरली बहीण," ते आईला म्हणाले. "गावाहून. महाडच्या बाजूनं."

"अरे वा! पहिल्यांदाच ना?"

"पहिल्यांदा पोचली तर." त्यांनी पोस्टकार्ड खिशात ठेवलं. मग ज्या आवाजात ते उकिरड्यापाशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "आक्कानंच मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. मला शाळेत बसवून ती लोकांच्या लावणीला जायची. स्वतः शाळेची पायरी नाही चढली."

परळच्या चाळीत राहत होते तेव्हा त्यांनी आक्काला एकदा बोलावलं होतं. पत्ता कागदावर लिहून पाठवला होता. "वाचता येत नाही तिला. मीच कळवलं, की कागद दाखव आणि विचारत विचारत ये. मीच!" एकाने इकडे पाठवलं, दुसऱ्याने तिकडे. चौथा तिच्या लुगड्याकडे बघून हसला. ती फिरून फिरून स्टँडवर येऊन बसली आणि संध्याकाळच्या गाडीने माघारी गेली, सुकटीच्या पुडक्यासकट. "मी भात लावून बसलो होतो, वहिनी. दोन माणसांचा."

"मग या वेळी तुम्ही जा ना आणायला."

"तीच तर अट आहे. म्हणते, येईन तर माझी मी येईन. कोणाला विचारणार नाही. आणि तू हाताला धरायला आलास तर त्याच पावली परत जाईन. फार मानी आहे. आता गुडघे गेलेत तिचे, या वेळी नाही पोचली तर पुन्हा काही निघायची नाही."

"मग हो?"

"मग काय, नकाशा पाठवलाय."

आईने आत माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर ती म्हातारी खाडीच्या चिखलात, पोस्ट शोधत उभी राहिली.

जाताना ते आतल्या दारापाशी थांबले. "नीलू, रविवारी सकाळी दहा ते बारा खिडकीत असशील ना? नेहमीसारखी?"

मी "हं" म्हटलं. माझ्या "हं"चा अर्थ हो, नाही आणि मला एकटीला सोडा, असा तिन्ही प्रकारे होतो. त्यांनी हो घेतला. मला मात्र भयंकर राग आला. हे गृहस्थ माझ्या मैत्रिणी पळवतात आणि वर मी खिडकीतच बसून असणार हे गृहीत धरतात! रविवारी माटुंग्याला एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. मी ठरवलं, जायचंच.

रविवारी साडेदहाला मी नवा ड्रेस घालून तयार होते. पावणेअकराची बस. दाराशी चप्पल घातली आणि लक्षात आलं, चष्मा खिडकीतच राहिलाय. परत आले, चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, आणि समोरचं धूसर हिरवं-पिवळं जग जागेवर आलं.

खाली नऊवारीतली एक म्हातारी उभी होती. डोक्यावर बोचकं, हातात कागद. ती आमच्या इमारतीकडे बघत होती. एकेक खिडकी नीट बघून झाली, मग कागद, मग पुन्हा खिडक्या. खिडकीत मी जराशी आत होते, अंधारात. तिने मान हलवली, बोचकं सावरलं आणि ती शेजारच्या इमारतीकडे वळली. त्या इमारतीमागे तिसरी होती, तिसरीमागे चौथी, सगळ्या पिवळ्या. त्यांच्या पलीकडे खाडी.

त्याच वेळी लांब, प्लॉटच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या खांबामागून एक माणूस बाहेर पडला आणि धावत सुटला. कडेने नाही, काटकोनात नाही. गवतातून, सरळ, आडवा. हातात छत्री होती. गमरेकाका चार मजली इमारतीच्या पोटातून, डावीकडच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरातून चप्पल घालून धावत येत होते.

ते तिच्यापर्यंत पोचले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं. ती त्याच पावली परत गेली असती.

मी आयुष्यात कधी खिडकीतून ओरडले नव्हते. आई भाजीवाल्याला हाक मारायची तेव्हाही मला लाजल्यासारखं व्हायचं. मी खिडकीच्या बाहेर कमरेपर्यंत वाकले आणि ओरडले, "आक्का!"

समोरच्या इमारतीतल्या चार खिडक्या उघडल्या. आक्का वळली. गमरेकाका जिथे होते तिथे गवतात मटकन खाली बसले. छत्रीचं टोक तेवढं वर राहिलं.

मी धावत खाली गेले, तर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. माझा चष्मा तिने बोटाने दाखवला, मग कागद दाखवला आणि हसली. "चष्मा हाय! हीच ती."

मी कागद हातात घेतला. जाड ट्रेसिंगचा कागद, पण रेघा गमरेकाकांच्या वाटत नव्हत्या. थरथरत्या, वाकड्या. खाली गिरवायला काही नसलं की हात असाच कापत असणार. कागदावर अक्षर एकही नव्हतं. पोस्ट नव्हतं, बाग नव्हती, नाट्यगृह नव्हतं. हायवेवर एक लाल गाडी होती. मग फुटकी पाइपलाइन, तिच्यावर कपडे धुणाऱ्या बायका. मग एका बाजूला कललेला विजेचा खांब, त्याच्याखाली तीन पायांवर उभा असलेला लंगडा कुत्रा. मग टोपली घेऊन बसलेली करावेची कोळीण, तिची नथ तिच्या टोपलीएवढी मोठी. मग चार पायांच्या माठासारखी पाण्याची टाकी. तिथून छोट्या छोट्या पावलांचे ठसे निघून मोकळ्या प्लॉटच्या गवतातून सरळ गेले होते, सगळ्यात जवळच्या वाटेने.

ज्या वाशीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत असं मी समजत होते, ती सगळी त्या कागदावर होती. आणि शेवटी एक पिवळी इमारत, पहिल्या मजल्यावर खिडकी, खिडकीत दोन वेण्या घातलेली, पुस्तक धरलेली, चष्मेवाली मुलगी.

"ही पोर दिसली की पोचलीस, असं कळवलं होतं त्यानं," आक्का म्हणाली. "म्हणाला, पाऊस असो ऊन असो, खिडकीत असतेच. वर बघते तर खिडकी मोकळी. म्हटलं, ही इमारत न्हाय."

"सॉरी," मी म्हटलं. या वेळी आपलं काय चुकलं ते आधी ठाऊक होतं.

"आनि बोलत न्हाय म्हणाला होता ती पोर. केवढ्यानं वरडलीस गं!"

तिने बोचकं सोडून माझ्या हातावर चार काजू ठेवले. मग दाराकडे एक नजर टाकून माझा कान जवळ ओढला. "हायवेपासनं मागं मागं येतोय. खांबाच्या आड, टाकीच्या आड. त्यो चार वरसाचा असल्यापासून वळकते मी त्याला, मला काय दिसत न्हाय? आता तिकडं गवतात बसलाय. साप-किरडू चावंल त्याला." ती पदराने तोंड झाकून हसली. "पन तू सांगू नको त्याला. मी एकटी आले."

पाच मिनिटांनी गमरेकाका प्लॉटच्या कडेने, काटकोनात वळत, सावकाश आले. धाप लागलेली होती, पण ती ते गिळत होते.

"अरे! आलीस? मी जरा बाहेर गेलो होतो. सापडलं ना?"

"सापडायचं काय त्यात? कागदावर सगळं व्हतं."

"कोणाला विचारलंस?"

"कोनाला न्हाय."

गमरेकाकांनी मान डोलावली आणि खिशातून किल्ली काढली. दार उघडल्यावर आतून भाताचा वास आला. त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं लागली होती, आणि पाठीलासुद्धा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीत होते की नव्हते, आणि तिथून मला काय काय दिसलं, हे त्यांना विचारायचं असावं. पण विचारायचं नाही, हा त्यांचाच नियम होता.

मीही काही सांगितलं नाही. त्यांना नाही आणि तिलाही नाही. सगळ्या राजधानीत ते एकच काम मला इतरांपेक्षा चांगलं येत होतं.